देव नसलेलं वाद्य

आपल्याकडे वाद्य शिकायला घ्यायच्या आधी त्याच्यामागे कोणता देव उभा आहे ते पाहून घ्यावं. वीणेला सरस्वती आहे, डमरूला शंकर आहे, मृदंगाला गणपती आहे, आणि बासरीला तर कॅलेंडरवाल्यांच्या कृपेने घरोघरी पाय दुमडून उभा असलेला साक्षात श्रीकृष्ण आहे. त्यामुळे बासरीवाल्याला फुकटचा मान मिळतो. यमन वाजवता वाजवता तो मध्येच भलतीकडे निघून गेला, तरी ऐकणारी मंडळी डोळे मिटून घेतात. डोळे मिटण्याची इतरही कारणं असू शकतात, पण बासरीवाला ती सगळी भक्तिभावाच्या खात्यात जमा करतो. मी या मानावर बरीच वर्षं सुखात काढली. पाहुणे आले की बायको 'हे बासरी वाजवतात हं' असं अशा काही आवाजात सांगायची, की चहाबरोबर चिवडा नाही आला तरी पाहुण्यांचं समाधान व्हावं.

क्लॅरिनेटला देव नाही. त्याच्यामागे न्यूरेंबर्गचा योहान क्रिस्टोफ डेनर नावाचा एक वाद्यकार आहे. 1700 सालाच्या आसपास त्याने शालुमो नावाच्या जुन्या वाद्यात सुधारणा करून, चाव्या बसवून हे प्रकरण जन्माला घातलं असं मानतात. माणूस कर्तबगार असणार यात शंका नाही. पण डेनरची तसबीर लावून तिला उदबत्ती ओवाळता येत नाही, आणि खालच्या मजल्यावरून तक्रार आली तर त्याचं नाव सांगून सुटताही येत नाही. हल्ली पाहुणे आले आणि आतल्या खोलीतून आवाज आला, तर बायको 'त्यांचं काहीतरी चाललेलं असतं' एवढंच म्हणते आणि चिवडा वाढते.

मी या फंदात पडलो तो विसर्जनाच्या मिरवणुकीमुळे. पुण्यात मिरवणुकीत प्रभात, दरबार असे नावाजलेले बँड असतात. ढोलताशांच्या गदारोळात क्षणभर उसंत मिळाली आणि ओळीतल्या एका क्लॅरिनेटवाल्याने अगदी खालच्या सुरांत एक जागा घेतली. माझ्या पोटात कालवाकालव झाली. बासरीवाल्याचं खरं दुःख खर्जात असतं. पन्नालाल घोषांनी बासरी लांब केली, तिला ख्याल पेलण्याइतकी खोली दिली. तरी माझी पांढरी तीनची बासरी, जवळजवळ 30 इंचांची, मंद्र पंचमापाशी आली की हात टेकते. आणि हे क्लॅरिनेट जेमतेम 26 इंचांचं. बासरीहून चार इंच आखूड, आणि बोलतं मात्र तिच्या कितीतरी खाली.

घरी येऊन वाचलं तेव्हा कारण कळलं. बासरी ही दोन्हीकडून उघडी नळी. क्लॅरिनेटच्या तोंडाशी रीड बसते, त्यामुळे ध्वनिशास्त्राच्या हिशेबात ती एका बाजूने बंद नळी. बंद नळी तेवढ्याच लांबीच्या उघड्या नळीपेक्षा जवळपास एक सप्तक खाली बोलते. हे वाचून मला फार आनंद झाला. पुढचा सगळा छळ याच वाक्याच्या पोटात दडलेला आहे हे तेव्हा दिसलं नाही.

शिवाय अजून एक आमिष होतं. क्लॅरिनेटच्या अंगावर चाव्यांची जी मांडणी असते, तिच्या सर्रास चालणाऱ्या एका प्रकाराला बेम पद्धत म्हणतात. हा टेओबाल्ट बेम म्युनिकचा बासरीवाला. त्याने क्लॅरिनेटला हात लावला नव्हता. त्याने आपल्या बासरीवर ज्या कड्या बसवल्या, त्यांची कल्पना उचलून 1840च्या सुमारास पॅरिसच्या क्लोझे या वादकाने आणि ब्युफे या कारागिराने क्लॅरिनेटची नवी मांडणी केली, आणि पुढे तिला नाव चिकटलं ते बेमचं. म्हटलं, बासरीवाल्याच्या नावाचं वाद्य. हे तर घरचंच कार्य.

शिकवायला एक मास्तर मिळाले. हयात बँडमध्ये गेलेली. वरातीपुढे चालत वाजवायची सवय असल्यामुळे खुर्चीत बसून शिकवतानाही त्यांचे पाय आपोआप पुढे सरकत असतात. तास संपेपर्यंत खुर्ची दाराशी आलेली असते. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं, "मास्तर, मी बासरी वाजवतो." वाटलं, हे ऐकून आपल्याला एकदम वरच्या वर्गात बसवतील. मास्तरांनी मला खालून वर न्याहाळलं आणि धीर दिला, "असू द्या साहेब. विसरता येईल."

बासरी पिशवीतून काढायची आणि वाजवायची. क्लॅरिनेट आधी जोडावं लागतं. माउथपीस, बॅरल, वरचा सांधा, खालचा सांधा आणि शेवटी बेल. सांध्यांच्या बुचाला ग्रीस लावायचं, वरच्या सांध्याची एक चावी दाबून धरायची, नाहीतर दोन सांध्यांना जोडणारी पट्टी वाकते, आणि मग पीळ देत देत एकात एक बसवायचं. इतकं होईपर्यंत मनात आलेली बंदिश निघून गेलेली असते. मग रीड. दक्षिण फ्रान्सच्या वार भागात बोरूच्या जातीचं एक उंच गवत पिकतं, त्याच्या काडीची ही तासलेली चपटी पट्टी. ती आधी तोंडात धरून ओली करायची. या काळात बेल वाजते, कुरियरवाला नाव विचारतो, बायको दूध आणलं का म्हणते, आणि सगळ्यांना एकच उत्तर मिळतं: 'उं'. ओली झाली की माउथपीसवर अशी बसवायची की वरच्या टोकाला काळी कड केसभर दिसली पाहिजे. केस कुणाचा ते मास्तर सांगत नाहीत. माझ्या वयात हा प्रश्न गैरलागू आहे हे त्यांना दिसत असावं.

रीडला नंबर असतात: दोन, अडीच, तीन असे चढते. नंबर वाढेल तशी रीड कडक. मास्तरांनी दोनची दिली. मी अडीचची मागितली, कारण इतक्या वर्षांच्या बासरीने दमसास चांगला कमावलेला होता आणि तो कुठेतरी दाखवायचा होता. मास्तर म्हणाले, "दम तयार हाय, मान्य. ओठ बालवाडीत हाय."

हे शब्दशः खरं निघालं. बासरीत ओठ भोकाच्या कडेवर हलके टेकवून फुंकर आडवी सोडायची असते. निम्मी वाद्यात जाते, निम्मी समोरच्या भिंतीला मिळते, आणि त्या उधळपट्टीतच बासरीचा आवाज असतो. क्लॅरिनेटला उधळपट्टी मंजूर नाही. वरचे दात माउथपीसवर टेकवायचे, खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून घ्यायचा, तोंडाच्या कडा आवळायच्या, गाल फुगवायचे नाहीत, आणि हवा सोडायची नाही तर दाबायची. आरशात पाहिलं तर कवळी काढून ठेवलेले आमचे आजोबा दिसले. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदाही. मग मी बासरीच्या हिशेबाने जोर काढला आणि एक किंकाळी निघाली. ती वाद्यातून निघाली की माझ्यातून, यावर घरात अजून एकमत नाही.

यात आणखी एक गोम आहे. वरचे दात माउथपीसला टेकलेले असल्यामुळे आवाज कवटीतून थेट कानात येतो. वाजवणाऱ्याला तो भरदार, घुमणारा, जवळजवळ दैवी वाटतो. म्हणजे मला जे ऐकू येतं ते इमारतीला ऐकू येत नाही. इमारतीचं मत चौथ्या मजल्यावरच्या पोरांकडून कळलं. त्यांनी विचारलं, "काका, लग्न कुणाचं आहे?" दोन दिवसांनी सोसायटीच्या सेक्रेटरींनीही तेच विचारलं; फक्त मांडव पार्किंगमध्ये घालणार असाल तर आधी अर्ज द्या, एवढं पुढे जोडलं.

किंकाळीचं मूळ शोधायला मास्तरांची एक पद्धत आहे. वाजवून झालं की ते म्हणतात, "बोटं दाखवा." मी शाळेत नखं दाखवायचो तसे दोन्ही पंजे पुढे करतो. भोकांभोवतीच्या कड्यांचा ठसा बोटांवर उमटलेला असतो. वर्तुळ पुरतं उमटलं असेल तर भोक नीट झाकलं होतं. चंद्रकोर उमटली असेल तर कडेने हवा निसटत होती. मास्तर एकेक बोट उजेडात धरून तपासतात. मोठ्या बासरीची भोकं दूर दूर असतात, ती बोटांच्या मधल्या पेरांनी झाकायची मला सवय. क्लॅरिनेटला बोटाच्या टोकाचा गुबगुबीत भाग हवा. माझ्या उजव्या अनामिकेवर बरेच दिवस चंद्रकोरच निघत होती. "बासरी," मास्तर म्हणायचे, डॉक्टर 'साखर' म्हणतात त्या सुरात.

पण हे सगळं शरीराचे हाल झाले. खरा घाव बुद्धीवर बसला.

सुरुवातीला बोटं ओळखीची वाटली होती. बासरीवर वरची तीन बोटं बंद केली की सा, सहाही बंद केली की मंद्र पंचम. क्लॅरिनेटवर खालच्या टप्प्यात, डावा अंगठा मागच्या भोकावर धरून, नेमकं हेच: तिघांचा सा, सहांचा मंद्र पंचम. दोन बोटांचा रे, एकाचा ग. मी मनात म्हटलं, हे तर आपलंच गाव. बासरीवर याच बोटांनी फुंकर जरा तीक्ष्ण केली की तोच सूर सप्तकभर वर जातो. सा चा तार सा. क्लॅरिनेटला त्यासाठी मागे अंगठ्याजवळ वेगळी चावी असते. मी सा धरला, अभिमानाने ती चावी दाबली, आणि लागला तार सप्तकातला पंचम.

पुन्हा दाबली. पुन्हा पंचम. मग सहा बोटांचा मंद्र पंचम धरून दाबली. तार रिषभ! वाद्य बिघडलंय असं समजून मी ते मास्तरांपुढे धरलं. मास्तर म्हणाले, "ते असंच असतं." बंद नळीचा गुण तो हा. दोन्हीकडून उघडी नळी आधी सप्तकावर उडी घेते. एका बाजूने बंद नळी सप्तक ओलांडून त्याच्यावरच्या पंचमावर जाऊन बसते. ज्या गुणाने ती खर्जात उतरते, त्याच गुणाने वर जाताना तुम्हाला भलत्याच स्टेशनावर उतरवते. परिणाम असा की खालच्या आणि वरच्या टप्प्यासाठी एकाच सुराची बोटं वेगळी. ज्याला काहीच येत नाही तो मुकाट्याने दोन्ही पाठ करतो. बासरीवाल्याची बोटं मात्र दर वेळी स्वतःचं ज्ञान पाजळायला पुढे येतात.

आणि या दोन टप्प्यांच्या मधोमध एक खिंड आहे. धैवताला डाव्या तर्जनीने एक चावी नुसती टेकायची, बाकी सगळी बोटं हवेत. त्याच्या शेजारचा शुद्ध निषाद पाहिजे असेल तर एकदम अंगठा, सहा बोटं आणि करंगळी, सगळे एका क्षणी खाली. एकाला जरी उशीर झाला की किंकाळी. ग ते म जाताना एक बोट उचललं तरी भागतं, आणि ध ते नि म्हणजे अख्खी पलटण. मी मास्तरांना म्हटलं, "मग तूर्त भूप वाजवतो. भूपात निषाद नाही." मास्तर हसले नाहीत, हेच वाईट. "वाजवा," म्हणाले. सा रे ग प ध पर्यंत छान गेलं. पुढे तार सा. तार सा खिंडीच्या पलीकडेच असतो, आणि त्यालाही अंगठा, सहा बोटं आणि करंगळीच लागते. मध्यम-निषाद गाळल्यामुळे जगात अनेकांचं भलं झालं असेल, माझं झालं नाही. कोमल निषाद तेवढा खिंडीच्या अलीकडे आहे. पण तो बिचारा इतका दबका लागतो की भीमपलासातला विरह सर्दीमुळे असावा असं वाटतं.

माझा सा देखील बदलला. बाजारात मिळणारं साधं क्लॅरिनेट बी फ्लॅटचं असतं. म्हणजे त्यावर तिघा बोटांचा सा धरला की पेटीवरची काळी पाच लागते. बासरीवाला पट्टी बदलायची तर बासरी बदलतो, त्याच्या पिशवीत हव्या तेवढ्या असतात. इथे नळी एकच. मोबाइलवरचा तानपुरा वर्षानुवर्षं पांढऱ्या तीनवर होता तो काळ्या पाचवर आणला. घर बदललं तरी इतकं परकं वाटलं नव्हतं.

दरम्यान इमारतीत माझी पत घसरत चालली होती, म्हणून मी वाद्याची थोरवी सांगायला सुरुवात केली. तिरुचिरापल्लीचे ए. के. सी. नटराजन आयुष्यभर क्लॅरिनेटवर कर्नाटक संगीत वाजवत आले, त्यांना 2022 साली पद्मश्री मिळाली. रायचूरचे नरसिंहलू वडवाटी याच वाद्यावर हिंदुस्थानी राग मांडतात. मोझार्टने 1778 मध्ये वडिलांना लिहिलेल्या पत्रात बासरीबद्दल नाराजी दाखवली होती, आणि मरणाच्या वर्षी, 1791 मध्ये, कॉन्चेर्टो लिहिला तो क्लॅरिनेटसाठी. याचा कुणावर काही परिणाम झाला नाही. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक इतिहासाचे, म्हणून त्यांना सांगितलं की तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजे भोसल्यांच्या पदरी पाश्चात्त्य पद्धतीचा बँड होता, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात त्याच मुलखात नाचाच्या साथीला क्लॅरिनेट आलं. भोसल्यांचं नाव येताच ते खुर्चीत ताठ बसले. "म्हणजे वाद्य आपलंच!" म्हणाले. मग जरा विचार करून, "ते आपलं आहे हे मान्य. तुम्ही वाजवता तेव्हा तसं वाटत नाही." वरच्या मजल्यावरच्या आजी मात्र माझ्या बाजूच्या. त्यांच्या लहानपणी मास्टर इब्राहिम यांनी क्लॅरिनेटवर वाजवलेल्या सिनेमातल्या चालींच्या तबकड्या घरोघर होत्या. त्या जिन्यात भेटल्या की म्हणतात, "तसं वाजवा की हो." इतक्या सहज म्हणतात, की मी फक्त विसरलोय असं त्यांना वाटत असावं.

मींड तेवढी येईल अशी मला आशा होती, कारण मींड हा बासरीवाल्याचा प्राण. चाव्यांच्या वाद्यातून सूर घसरत कसा नेणार? मग मी गर्शविनची 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' ऐकली. 1924 साली न्यूयॉर्कमध्ये ती पहिल्यांदा वाजली, तेव्हा रॉस गोर्मन नावाच्या वादकाने सुरुवातीच्या चढत्या सुरांची सलग एक घसीट करून टाकली, आणि तेव्हापासून ती तशीच वाजवतात. बोटं भोकांवरून हळूहळू सरकवायची आणि ओठ सैल सोडून सूर ओढत न्यायचा. मी थरारून मास्तरांना मोबाइलवर ऐकवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. "नवरदेव घोड्यावर चढताना आपण हेच वाजवतो," म्हणाले, आणि वाजवूनही दाखवली. त्यांची घोड्याला जास्त शोभणारी होती.

मध्यंतरी एक दिवस बासरी हातात घेतली. म्हटलं, जरा मायेचं माणूस भेटेल. ओठ लावले, फुंकर घातली, आणि काहीच आलं नाही. इतके दिवस आवळायला शिकवलेले ओठ आता सैल व्हायला तयार होईनात. बऱ्याच वेळाने आला तो सूरही घोगरा. पाऊण किलोचं वाद्य पेलून उजव्या अंगठ्याला घट्टा पडलेला, तो बासरीखाली धरताना टोचायला लागला. स्वयंपाकघरातून बायको आली, दारात उभी राहिली आणि काळजीने म्हणाली, "अहो, ही पण गेली का?"

ही हकिगत मी मास्तरांना सांगितली. तास संपत आला होता, खुर्ची दाराशी पोचली होती. मास्तर रीड पुसत म्हणाले, "साहेब, एक सांगू का? बासरीवाल्यानं खरं म्हणजे सॅक्सोफोन घ्यावा."

"का?"

"त्याची नळी खाली रुंद होत जाते, शंकूसारखी. चावी दाबली की सरळ सप्तक. खालचा सा, वरचा सा, बोटं तीच. बासरीसारखं."

घरी येऊन पाहिलं तर तंतोतंत खरं. आडोल्फ साक्स हा बेल्जियन कारागीर स्वतः क्लॅरिनेट वाजवायचा, आणि 1846 मध्ये त्याने सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं. सप्तकावर उडी घेणारं वाद्य त्याने आपल्याआधी पावणेदोनशे वर्षं करून ठेवलं होतं. आपल्या सिनेसंगीतातले मनोहारी सिंग बासरी, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन तिन्ही वाजवायचे, त्यांना हा फरक नक्की ठाऊक असणार. पुढच्या तासाला मी मास्तरांना जरा घुश्शातच विचारलं, "हे मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही क्लॅरनेट विकत घेऊनच आला होता की," मास्तर म्हणाले. "आता विकायचं झालंच, तर आधी मला सांगा. नातवासाठी बघतोय. त्याला काहीच येत नाही, लवकर शिकेल."